पडद्यामागचा भाव

...नाही, पण मला का? एवढी माणसं बसलीयेत समोर, सुईनं बोटं सोलून घेतलेली, टोपल्या विणणारी, माठ घडवणारी, त्यात चार वाक्यं सरळ बोलणारं एकही माणूस सापडलं नाही? 'हातकामाची रास्त किंमत कशी लावावी', असं मागं फळ्यावर लिहिलंय म्हणे, लेकीनं वाचून दाखवलं, आणि त्याच्यावर बोलायला कोण, तर मी. म्हणजे तुम्हाला सांगतो, पोहायला शिकवायला बुडालेला माणूस आणावा तसं झालं हे. तिचंच काम आहे सगळं. ती बघा, शेवटच्या रांगेत बसलीय, आता इकडं बघणार नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही कमी बोलता, पण जे झालं ते नुसतं सांगून टाका, कुणाला तरी उपयोग होईल. आता मी कमी बोलतो त्याला कारण आहे ना. जेव्हा जेव्हा तोंड उघडलं, तेव्हा तेव्हा शे-दोनशे गेले. तुम्हाला सांगतो, किंमत सांगणं हे माझ्या तोंडाचं काम नव्हे.

आमचा धंदा गोधड्यांचा. धंदा म्हणजे काय, रस्त्याला लागून दहा फुटांची खोली, तिच्या मधोमध एक पडदा, पडद्याच्या अलीकडं मी आणि पलीकडं खिडकीशी आमची ही. मी जुने कपडे आणायचे, उसवायचे, धुवायचे, कापायचे. तिनं ते झटकायचे, एकावर एक थर लावायचे आणि कडेपासून आतपर्यंत टाके घालत जायचं, बोटभर अंतरानं रांगेला रांग, महिनाभर. झटकायचं कामही तिनं पडद्याच्या आतच ठेवलेलं, कारण पुढं झटकलं तर गिऱ्हाइकाच्या अंगावर कचरा उडतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे देव. देवाच्या कपड्याला कापसाचा पुंजका चिकटलेला चालतो होय?

बरं, ती महिनाभर शिवणार ते मी पाच मिनिटांत विकणार. पण कसा? गिऱ्हाईक येतं, गोधडी उलगडतं, टाक्यांवरनं बोट फिरवतं आणि मान वर करून विचारतं, किती? तेवढं 'किती' ऐकलं की संपलं. मनात नऊशे धरलेले असतात, तोंडातून निघतात आठशे. समोरच्यानं भुवई उचलली की सातशे. आणि नाही उचलली तरी सातशेच, कारण मला वाटतं, बिचाऱ्यात भुवई उचलायचंही त्राण उरलं नाही.

एकदा तर असं झालं, एक माणूस दारात येऊन उभा राहिला. काही बोलेना. मी म्हटलं, आठशे. तो गप्प. म्हटलं, बरं, सातशे द्या. गप्प. म्हटलं, हे बघा, सहाशेच्या खाली मला दोरासुद्धा सुटत नाही, पण सकाळची भवानी आहे, पाचशे. तेव्हा त्यानं खांद्यावरनं पिशवी काढली आणि म्हणाला, काका, हे शेजारच्यांचं पार्सल आहे, ते घरी नाहीत, तुम्ही सही करता का? आणि तुम्हाला सांगतो, जाताना गोधडी घेऊनच गेला तो. साडेचारशेला. वरचे पन्नास मी का सोडले ते आजतागायत मला कळलेलं नाही. सही केल्यामुळं ओळख झाल्यासारखं वाटलं असेल.

तो गेल्यावर ही पडदा सारून बाहेर आली. रागावली नाही. रिकामी झालेली जागा बघितली आणि म्हणाली, "महिना लागला होता मला." एवढंच बोलली आणि परत आत गेली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मग सुट्टीला ही लेक आली. हिचं शिक्षण झालेलं, ऑफिसातली माणूस. आईशेजारी तीन दिवस घड्याळ घेऊन बसली, टाके मोजले, तास मोजले, कापड धरलं, दोरा धरला, आणि मला समोर बसवून सांगितलं की बाबा, तुमच्या भावात आईचा एक तास म्हणजे अर्धा कप चहा पडतो. मी म्हटलं, चहा तर मी तिला घरीच देतो की, दिवसातून तीनदा. त्यावर मायलेकी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी उठून दुकान झाडायला घेतलं. तिच्या कागदावर रास्त किंमत निघाली तीन हजार. तीन हजार, एका गोधडीचे! तिनं तो आकडा चिठ्ठ्यांवर लिहिला आणि प्रत्येक गोधडीला टाचणीनं लावून दिला. ती गाडीत बसली आणि मी सगळ्या चिठ्ठ्या आतल्या बाजूनं लावल्या. म्हटलं, गिऱ्हाइकाला एकदम धक्का नको, आधी ऊब लागू दे, मग सापडेल. सांगितलं ना, किंमत सांगणं हे माझ्या तोंडाचं काम नव्हे, चिठ्ठीचं होतं, तर तिचंही तोंड मी बंद केलं.

तेव्हा आमच्या हिनं युक्ती काढली. म्हणाली, तुमचं तोंड राहू द्या तुमच्याजवळ, आपण माझा घसा वापरू. मी आतून एकदा खोकले की भाव वर न्यायचा. दोनदा खोकले की तिथंच पाय रोवायचा, खाली यायचं नाही. आणि कात्री जमिनीवर ठेवल्याचा खट् आवाज आला, की देऊन टाकायची, जे देतील त्यात.

काय सांगू तुम्हाला, सोन्यासारखी चालली युक्ती. मी आपला पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं आकडा सांगायचा, म्हणजे तिला ऐकू जावा. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मी नऊ-शे म्हणालो की आतून एक, अगदी नाजूक, घशात काही अडकल्यासारखा. की मी म्हणायचो, नाही नाही, ही तर बाराशेची, चुकलं माझं. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, आत्ता तर नऊशे म्हणालात. मी म्हणायचो, ती दुसरी. दुसरी कुठली ते मलाही माहीत नसायचं. आणि कधी एखादी पोट घेऊन आलेली पोरगी, येणाऱ्या बाळासाठी लहानशी गोधडी चाचपत उभी राहायची, पैशाची मूठ घट्ट धरून. तिनं 'किती' विचारायच्या आधीच आतून खट्. मन मोठं होतं तिचं, फक्त पार्सलवाल्यांवर उधळायला नव्हतं.

अशी पाच वर्षं गेली. भाव बाराशेला गेला, पंधराशेला गेला, आणि मग एका थंडीत काय झालं कुणास ठाऊक, आमची ही एकदम लोभी झाली. मी बाराशे म्हणालो की खोकला. पंधराशे म्हणालो की खोकला. अठराशे, परत खोकला. गिऱ्हाईक उठून जायचं. मला वाटलं, लेकीनं फोनवरनं हिचे कान भरले. मी आत जाऊन म्हणायचो, अगं, जरा माणसाचा चेहरा बघून खोकत जा, गेलं ना ते. ती हातानंच खूण करायची, असू दे, असू दे, आणि पाणी मागायची. मी द्यायचो पाणी. पाणी देताना भावाचंच बोलायचो.

मग एके दिवशी छत्रीवाल्या बाई आल्या. पाऊस असो नसो, हातात लांब दांड्याची छत्री, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात तेच नाव दिलेलं. त्यांनी मोठी, निळ्या काठाची गोधडी निवडली, किती म्हणाल्या. मी सुरू केलं बाराशेपासून, आणि आतून जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. मी चढतोय, चढतोय. पंधरा-शे, खोकला. दोन हजार, खोकला. अडीच. म्हटलं, आता ही बाई छत्रीच डोक्यात घालणार. तरी आतून खोकला. शेवटी डोळे मिटून तीन हजार म्हणालो आणि आतला आवाज थांबला. डोळे उघडले तर बाई पडद्याकडं बघत होत्या. घासाघीस केली नाही, तीन हजार मोजून हातात दिले, गोधडी काखेत मारली आणि गेल्या.

मी नाचतच आत गेलो. ही भिंतीला टेकून बसलेली, छातीवर हात, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, हसून हसून आलंय. मी म्हटलं, "काय झकास खोकलीस आज!"

ती खरंच हसली हो. म्हणाली, "कितीला गेली?"

म्हटलं, तीन हजार.

म्हणाली, "पोरीच्या कागदावर होतं तेवढंच. बघा, तेवढ्याचीच होती."

त्या दिवशी तिचा चेहरा... असो. मोठ्या बक्षिसासाठी नाव पुकारल्यावर एखाद्याचा व्हावा तसा झाला होता. जन्मभर शिवलेल्याला कुणीतरी पहिल्यांदा पुरतं मोजलं होतं. मीही चार दिवस हवेत. शेजारच्या चपलेवाल्याला तीनतीनदा सांगितलं.

पुढं पुढं तर दुकानात कुणी नसतानाही आतून खोकला यायला लागला. भर दुपारी, रस्ता रिकामा, मी एकटा माशा मारत बसलोय आणि आतून उबळीवर उबळ. मी इथूनच ओरडलो, "अगं, कुणी नाहीये! कुणावर खोकतेस?"

उबळ ओसरली. मग आतून आवाज आला, "सराव करते."

मी किती हसलो. पोट धरून हसलो. जाऊन चपलेवाल्याला सांगितलं, आमची मंडळी सराव करते म्हणून. तो हसला नाही. तोंडातला खिळा हातात घेतला आणि म्हणाला, वहिनींना एकदा दाखवून आणा. मला वाटलं, याला विनोद कळत नाही. नाहीतर तीन हजाराचं ऐकून पोटात दुखत असेल. माणूस वाईट नाही, चपलेला तीनशे मिळतात बिचाऱ्याला, असं म्हणून मी त्याला माफसुद्धा केलं. अहो, मी त्याला माफ केलं.

शेवटी लेक आली आणि तिनं दारातच ऐकलं. पिशवी खाली ठेवली नाही, तशीच आईला घेऊन दवाखान्यात. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला, तो उजेडात धरून बघितला आणि मला विचारलं, जुने कपडे झटकण्याचं काम किती वर्षं करतात या? म्हटलं, लग्न झाल्यापासून. म्हणाले, तो सगळा कापूस आणि धूळ आत साठलीय. खोकला कधीपासून आहे?

आता काय सांगणार? मी म्हटलं, डॉक्टर, कुठला खोकला? ते म्हणाले, कुठला म्हणजे? मी म्हटलं, नाही, एक भावाचा असतो. डॉक्टरांनी लेकीकडं बघितलं. मी बोटांवर मोजायला लागलो. निळ्या काठाची गेली तेव्हा होता. त्याच्या आधी एक जोडपं उठून गेलं, तेव्हा होता. त्याच्या आधीचा खरा होता की भावाचा होता, ते मला सांगता येईना. हिच्याकडं बघितलं, म्हटलं, तूच सांग. ती खाटेवर पाय सोडून बसलेली, जमिनीकडं बघत म्हणाली, "पहिले भावाचेच होते. मग खरे यायला लागले, आणि तुमचा भावही चढायला लागला. म्हटलं, चढतोय तर चढू दे."

तिला माहीत होतं. आणि मी तिला चेहरा बघून खोकायला सांगत होतो.

शेवटची गोधडी तिनं घरातच पुरी केली. डॉक्टर नको म्हणाले, लेक नको म्हणाली, मी सुई लपवून ठेवली, तर दुसरी काढली. आम्ही लेकीसाठी ठेवू म्हटलं, तर तिलाच राग आला. म्हणाली, मी विकायला शिवते, पेटीत घालून ठेवायला नाही. शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला आणि माझा हात धरला.

"हिला तीन हजाराच्या खाली द्यायचं नाही. आता मी आत नसेन. तुमचं तुम्हाला सांगायला लागेल."

मी म्हटलं, बरं. तिचा काही विश्वास बसला नाही. चेहऱ्यावरनं दिसत होतं.

त्यानंतर तेराव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मी बोलणार नाही. हा किमतीचा विषय आहे.

मग दोन महिन्यांनी दुकान उघडलं. सगळ्या दुकानात एकच गोधडी, मधे टांगलेली. माणसं यायची, किती विचारायची, मी म्हणायचो, विकायची नाही. तोंड उघडलं तर काय निघेल याचा भरवसा नाही, त्यापेक्षा बंद बरं. आणि मग एके दिवशी छत्रीवाल्या बाई परत आल्या. बहिणीसाठी हवी म्हणाल्या, त्या निळ्या काठाच्या जोडीची. तीच गोधडी काढायला लावली, उलगडली, बोट फिरवलं, किती म्हणाल्या.

मी म्हटलं, तीन हजार. म्हटलं हो, सरळ म्हटलं. आणि सवयीनं गप्प राहिलो, पडद्याकडं कान देऊन. बाईंनीही तिकडं बघितलं.

"आतल्या बाई बऱ्या आहेत ना आता?" त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी किती खोकत होत्या हो. मला तर भाव करायचा धीरच झाला नाही."

ऐकलंत? रस्त्यावरनं आलेल्या बाईला पाच मिनिटांत कळलं. चपलेवाल्याला भिंतीच्या पलीकडं कळलं. एकेचाळीस वर्षं जो पडद्याच्या अलीकडं बसला होता, त्याला तो भाव वाटला. आणि ते तीन हजार, ज्याच्यावर ती तेवढी खूश झाली होती, 'तेवढ्याचीच होती' म्हणाली होती, ते गोधडीचे नव्हतेच. ते औषधाला दिल्यासारखे दिले होते बाईंनी. बरं झालं, आधी गेली ती. हे ऐकायला नव्हती.

मी सांगितलं, ती गेली म्हणून. बाईंनी लगेच पाकीट उघडलं. म्हणाल्या, तीन का, सांगाल ते देते. आणि माझं डोकंच फिरलं. मी गोधडी मागं ओढली.

"असं नको, बाई. भाव करा."

"अहो, अशा वेळी कसला भाव?"

"करा हो. हात जोडतो. तुम्ही दयेनं देणार, मी लाजेनं घेणार, मग तिच्या टाक्यांचं काय? मला कळायला नको का, ही खरंच कितीची आहे?"

बाईंनी पाकीट मिटलं. मग छत्री कोपऱ्यात ठेवली, बसल्या, चष्मा लावला आणि गोधडी मांडीवर घेऊन इंच न् इंच बघायला लागल्या, अगदी खवट गिऱ्हाइकासारख्या. उजेडात धरली. उलटी केली. कोपरे ओढून बघितले. आणि मधोमध बोट ठेवलं.

"या चार रांगा वाकड्या आहेत. दोनशे कमी करा."

होत्याच वाकड्या. त्या शेवटच्या आठवड्यातल्या. एकेक टाका घालताना उबळ यायची, हात हलायचा, ती थांबायची, परत घालायची. मी शेजारी दोरा ओवून द्यायला बसलेलो.

मी म्हटलं, "नाही जमणार. त्या रांगांना वेळ जास्त लागलाय. त्या तर जास्तीच्या पडतील."

माझंच तोंड, बरं का. बाई जरा हसल्या, म्हणाल्या, तीन हजाराला काम चांगलं आहे, स्वस्तच आहे, आणि पैसे मोजून दिले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हणालो आणि समोरचं माणूस उठून गेलं नाही. दया नाही, काही नाही. सरळ सौदा. लेकीचा कागद खरा, हिचं म्हणणं खरं. तेवढ्याचीच होती.

तर तुमच्या फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर इथं संपलं, तास मोजा, दोरा मोजा आणि पाय रोवून उभे राहा. इथंच खाली बसावं मी. पण लेक म्हणालीय, जे झालं ते सगळं सांगा.

बाई पायरी उतरल्या आणि मी त्यांना हाक मारली. म्हटलं, थांबा, हे दोनशे परत घ्या. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, पडद्याकडं तोंड करून, दोन-शे. नोटा सावकाश मोजल्या. दोनच होत्या, तरी परत एकदा मोजल्या. मला वाटलं, वचन दिलेल्या गोधडीवर, तेही पैसे हातात आल्यावर, एवढा गाढवपणा... एवढ्यावर तरी आतून एक यावा. असला गाढवपणा तिनं एकेचाळीस वर्षांत कधी मुकाट्यानं खपवून घेतला नव्हता. थांबलो. रस्त्यानं एक गाडी गेली. परत थांबलो.

बाई म्हणाल्या, अहो, हे कशाला, आत्ताच तर नाही म्हणालात.

म्हटलं, घ्या, बाई, घ्या. आतून काही हरकत नाही.